दावा निकाली, उपचार चालू

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कृत्रिम पायाचा हिशेब केला. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाविरुद्धचा दावा होता. पाय गमावलेला माणूस अपघाताच्या वेळी ३७ वर्षांचा. कृत्रिम पायाची किंमत २ लाख ६० हजार रुपये, तो टिकणार पाच-सहा वर्षे, आणि दर सहा महिन्यांनी ते वर्षाने दुरुस्तीला १५ ते २० हजार. खालच्या पायरीवर मिळालेली रक्कम जेमतेम पंधरा वर्षे पुरेल, माणूस तर सत्तरीपर्यंत जगेल असे धरायला हवे, असे न्यायालयाने म्हटले. मग तीन पायांचे ७ लाख ८० हजार आणि देखभालीचे ५ लाख मंजूर केले.

निकाल चांगला आहे. पाय एकदा बसवला की काम झाले असे न मानता, तो झिजतो, मोडतो आणि बदलावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले, याचा उपयोग त्यानंतरच्या कित्येक दावेदारांना झाला असेल. पण बेरीज पुन्हा करून पाहा. ३७ ते ७० म्हणजे ३३ वर्षे. पाच-सहा वर्षांना एक पाय धरला तर तीन पायांत फार तर अठरा वर्षे निघतात. उरलेली पंधरा वर्षे व्याजातून निघतील असे मानायचे. त्यासाठी पायाची किंमत इतकी वर्षे २ लाख ६० हजारच राहील असेही मानायचे, आणि २०४० साली मिळणारा पाय आजच्यासारखाच असेल असे तर न बोलताच मानायचे. न्यायमूर्तींना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. मोटार वाहन कायद्याखाली निवाडा एकदाच लिहिता येतो. अंतिम निवाडा दिल्यानंतर पुढच्या उपचारांसाठी आणखी निवाडा देण्याची सोय या कायद्यात नाही, हे त्याच न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून न्यायाधीश काय करतात, तर जखमी माणसाचे उरलेले आयुष्य एका दुपारी अंदाजाने मोजतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की गंभीर जखमांपुरता हा अंदाज बंद करावा. बुडालेली कमाई, वेदना, आयुष्याचा हरवलेला आनंद यांची रक्कम एकदाच ठरवून मोकळे व्हा. पण उपचार, साधने आणि सेवा करणारे माणूस यांचा खर्च ज्या वेळी जो येईल तो, माणूस जिवंत असेपर्यंत, अपघात करणाऱ्याच्या विम्यातून निघाला पाहिजे. दाव्याचा तेवढा भाग उघडा राहिला पाहिजे.

हे गणित मुळात आले कुठून ते पाहिले की अडचण कळते. आपल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालते ती गुणक पद्धत. वर्षाचे उत्पन्न घ्या, त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणा. पंचविशीपर्यंत १८, तिशीपर्यंत १७, चाळिशीला १५, असे उतरत उतरत ६५ च्या पुढे ५. हे कोष्टक २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकसारखे करून दिले, आणि २०१७ मध्ये घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढीची टक्केवारी पक्की केली. पण पद्धत त्याहून जुनी आहे. १९४२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती वापरली, आणि तो दावा होता मृत्यूचा. कमावता माणूस गेला, त्याच्या बायकोपोरांचा आधार गेला, त्या आधाराची आजची किंमत काय, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी हे हत्यार उत्तम आहे. गेलेल्या माणसाला पुढे मूत्रसंसर्ग होत नाही, त्याची व्हीलचेअर मोडत नाही, त्याच्यासाठी नवे औषधही निघत नाही. मृत्यूसाठी बसवलेले गणित आपण जिवंत माणसाला लावले, आणि जोवर गंभीर जखमी फार दिवस जगत नव्हते तोवर ते खपूनही गेले.

ते आता जगतात. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळा पडलेला माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात बहुधा काही महिन्यांत जायचा. घात व्हायचा तो पाठीवरच्या शय्याव्रणांतून, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमांतून, आणि मूत्राशयातून पसरणाऱ्या संसर्गाने. १९४४ मध्ये लुडविग गटमन यांनी इंग्लंडात स्टोक मँडेविलला अशा रुग्णांचा विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त घालून दिली. औषध नाही, यंत्र नाही, कूस बदलणे. त्या शिस्तीने आणि मागोमाग आलेल्या प्रतिजैविकांनी या रुग्णांचे आयुष्य दशकांनी वाढवले. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पुनर्वसन विभाग उभा केला तो डॉ. मेरी वर्गीस यांनी. १९५४ च्या मोटार अपघातात त्या स्वतः कमरेखाली लुळ्या झाल्या होत्या, आणि त्यानंतर व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पुण्यातले लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र त्याहून जुने. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मांडी घालून बसता येईल आणि चिखलात चालता येईल असा पाय बनवला, तो तर जगभर गेला.

पायाच्याच जखमेचे घ्या. ट्रकखाली नडगीचा चुरा झाला, हाड उघडे पडले, वर मातीने माखलेली जखम. पूर्वी अशा वेळी बहुतेक ठिकाणी पाय कापायचे आणि रुग्ण काही आठवड्यांत घरी जायचा. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा उघड्या जखमांसाठी गुणांकन प्रसिद्ध केले. त्वचा, हाड, स्नायू आणि रुग्णाची एकूण प्रकृती यांना गुण द्यायचे. चौदापर्यंत आले तर पाय वाचवायचा प्रयत्न करा, सतरा किंवा जास्त आले तर कापणे बरे, मधले पंधरा-सोळा डॉक्टरांच्या तारतम्यावर. अशा शिस्तीमुळे पूर्वी हमखास कापला गेला असता असा पाय आज वाचतो. पण तो वाचतो म्हणजे काय? आधी धुणे, मग बाहेरून सळ्यांची चौकट, मांडीवरून किंवा पाठीवरून काढलेला मांसाचा तुकडा जोडणे, मग हाड मिलीमीटर-मिलीमीटरने वाढवणे. वर्ष, दीड वर्ष, कधी दोन. पाय राहतो, आणि उपचारही राहतात. वैद्यकाच्या प्रगतीने उपचार लांबवले आहेत ही गोष्ट कायद्याच्या गावीच नाही. उलट २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली, जी आधी २५ वर्षे नव्हती. सहा महिन्यांत असा माणूस अजून कुबड्यांवर असतो, आणि पुढे किती शस्त्रक्रिया व्हायच्या आहेत ते त्याच्या सर्जनलाही ठामपणे सांगता येत नाही. या मुदतीचा वाद सध्या सर्वोच्च न्यायालयात आहे.

न्यायाधिकरणात प्रत्यक्ष काय होते, तेही सांगतो. अस्थिरोगतज्ज्ञ साक्षीला येतात. त्यांना ओपीडी सोडून यावे लागते, तारीख पडली की पुन्हा यावे लागते, म्हणून यायला ते फारसे राजी नसतात. आले की अपंगत्वाचा दाखला शाबित होतो. विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत विचारतात की ही चाळीस टक्के एका अवयवाची की सबंध शरीराची? प्रश्न रास्त आहे. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट समजावून सांगितला आहे. डावा हात गेला तर दाखल्यावर साठ टक्के येतील, पण माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कचेरीत कारकून असेल तर कदाचित काहीच गेली नाही. मागेल त्याला तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांबद्दलही त्याच निकालात इशारा आहे. मग दावेदार स्वतः पिंजऱ्यात उभा राहतो आणि ठरलेला प्रश्न येतो. ‘आज तुम्ही कोर्टात कुणाच्या आधाराशिवाय चालत आलात, हे खरे आहे का?’ तो कृत्रिम पायावर चालत आलेला असतो. ‘होय’ म्हणतो. लघुलेखिका टंकते. त्या एका ‘होय’चे वजन पुढे युक्तिवादात दिसते.

ही प्रगतीची दुसरी बाजू. जितका पाय चांगला, तितकी जखम कमी, असा हा युक्तिवाद आहे. गुडघ्यात सूक्ष्म संगणक असलेला पाय जर्मनीच्या ओट्टो बॉक कंपनीने १९९७ मध्ये आणला. माणूस उतारावर आहे, जिन्यावर आहे की अडखळतोय, हे तो ओळखतो आणि गुडघा सैल-घट्ट करतो. असा पाय आपल्याकडे कित्येक लाखांना पडतो. दावेदाराने त्याचे कोटेशन जोडले तर कंपनी म्हणते, चैनीची वस्तू आहे, जयपूर फूट फुकट मिळतो. आणि कसाबसा मिळवलाच, तर पुढे म्हणते, आता हा कामावर जाऊ शकतो, मग कमाईचे नुकसान कुठे? पाय नाकारताना तो चैनीचा, आणि मिळाल्यावर मात्र तोच पुराव्यादाखल. दोन्ही म्हणणी एकाच फायलीत वाचायला मिळतात, आणि ती मांडताना कुणाला अवघडल्यासारखे झालेले दिसत नाही.

मग लोक अदालत. टेबलापलीकडे पॅनेल, बाजूला कंपनीचा अधिकारी गणकयंत्र घेऊन. दावेदाराच्या भावाला, बहुधा भाऊच असतो, बाजूला बोलावून सांगतात, ‘निकालाला अजून दोन वर्षे, मग ते हायकोर्टात जाणार. आज एवढे घ्या.’ रक्कम गोल असते. त्यात भविष्यातील उपचारांचे किती, सॉकेटचे (उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीचे) किती, कॅथेटरचे (लघवीच्या नळीचे) किती, कुणी फोड करत नाही. भरून पावलो म्हणून सही होते. तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. मनगटाचे हाड मोडले, जुळले, माणूस कामावर गेला, तर तडजोडीसारखे दुसरे काही नाही. पण ज्याच्या उरलेल्या पायाचा आकार पहिल्या वर्षभरात बदलणार आहे (सूज उतरते, स्नायू सुकतात, आणि मापाने केलेले सॉकेट सैल होऊन कातडी सोलते) त्याला त्या दिवशी आपल्या खर्चाचा पुढचा आकडाच ठाऊक नसतो.

यावर उपाय काय असे विचारले की लगेच इंग्लंडकडे बोट दाखवण्याची आपल्याला सवय आहे. तिथे सोय आहे, हे खरे. पुढे प्रकृती गंभीरपणे बिघडण्याची शक्यता असेल तर आज एक रक्कम आणि बिघडल्यास पुन्हा न्यायालयात येण्याची मुभा, अशी तरतूद तिथल्या संसदेने १९८२ मध्येच केली. २००५ पासून न्यायालय एकरकमी भरपाईऐवजी आयुष्यभर ठरावीक हप्ते द्यायचा हुकूम करू शकते, मग विमा कंपनीला तो रुचो न रुचो. जर्मनीच्या दिवाणी संहितेत तर हप्ता हाच नियम आणि एकरकमी हा अपवाद. न्यूझीलंडने आणखी पुढे जाऊन १९७४ पासून अपघाताबद्दल खटला भरण्याचा हक्कच काढून घेतला आणि उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारी योजनेवर टाकली. हे शेवटचे मला आपल्याकडे नको आहे. चूक करणाऱ्याला कोर्टात खेचता येणे यालाही किंमत आहे.

पण इतके लांब जायची गरजच काय? १९४८ च्या ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा कायद्याने ही सोय तेव्हाच बसवली (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली कामगाराचा हात गेला आणि तो विमाधारक असेल, तर त्याला कायमच्या अपंगत्वाचा लाभ दरमहा, मरेपर्यंत मिळतो. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते. आणि याच कायद्यात मंडळाचा निर्णय फेरतपासता येत असे. दुखापतीचा परिणाम आधी न दिसलेल्या रीतीने आणि लक्षणीय वाढला, तर टक्केवारी पुन्हा ठरत असे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही तात्पुरत्या अपंगत्वाचे पंधरवड्याचे हप्ते प्रकृती बदलली तर फेरतपासण्याची तरतूद होती. त्याच कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याचे तीस टक्के, तर्जनीचे चौदा, मधल्या बोटाचे बारा असा शरीराचा दरफलकही होता, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की तोच कामगार रविवारी बायकोला घेऊन चाकणच्या बाजारात निघाला आणि टेम्पोने उडवले, तोच हात गेला, तर त्याला एक धनादेश आणि रामराम. शरीर तेच, जखम तीच. एका कायद्याला ती बदलत जाणारी गोष्ट वाटते, दुसऱ्याला निवाड्याच्या तारखेला गोठलेली. या फरकाचे समर्थन करणारा एकही युक्तिवाद मला सुचत नाही. ईएसआयच्या दवाखान्यांची अवस्था काय आहे ते मलाही दिसते, तिथल्या रांगांचे गुणगान मी करत नाही. पण तत्त्व सत्तर-पंच्याहत्तर वर्षे आपल्याच देशात चालते आहे, तेव्हा ‘भारतात हे जमणार नाही’ हे वाक्य तरी नको.

एकरकमी पैशाचे आणखी एक दुखणे आहे. पैसे हातात येतात तेव्हा घर आधीच बुडालेले असते. सोसायटीचे कर्ज, मेहुण्याचे उसने, गहाण टाकलेले दागिने, आणि नेमके त्याच वर्षी निघालेले बहिणीचे लग्न. उपचारांसाठी म्हणून मोजलेल्या रकमेतले उपचारांना काय उरते हे कुणी विचारत नाही. उरलेच, तर त्यावर टपलेले असतात. मणक्याच्या जखमेवर स्टेम सेलची इंजेक्शने देणारी दुकाने मोठ्या शहरांत उघडपणे चालली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा उपचार म्हणून विकता येत नाही, बाकी सगळे संशोधन. पण तरुण मुलगा खाटेवर पडलेला आणि बँकेत वीस लाख पडलेले असले की आईबाप परिषदेची तत्त्वे वाचत बसत नाहीत.

न्यायालयांना याची जाण आहे. अशिक्षित दावेदाराची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचे आदेश कित्येक वर्षांपासून निघतात. दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे भरपाईची रक्कम दरमहा हप्त्याने देणारी बँक ठेव योजना बसवली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू करायला सांगितले. चांगली सोय आहे, पण ती रक्कम वाटून देते, वाढवत नाही. निवाड्यात कमी धरलेले ती भरून काढू शकत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मेंदूला जबर मार लागलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा दावा आला. तिला आयुष्यभर कुणीतरी सांभाळावेच लागणार होते. न्यायालयाने सेवेच्या खर्चालाही गुणक लावला. दोन माणसे, दरमहा प्रत्येकी ५ हजार, वर्षाचे १ लाख २० हजार, गुणिले १८, एकूण २१ लाख ६० हजार. आधीच्या ढोबळ रकमेपेक्षा हे कितीतरी न्याय्य, आणि निकालातली भाषा वाचताना न्यायमूर्तींना काय वाटले असेल ते जाणवते. तरी महिना ५ हजारांत माणूस मिळतो का, हे पुण्यात ब्युरोला फोन लावून विचारा. आणि ती मुलगी चाळिशीची होईल तेव्हा काय विचारायचे?

आता नव्या उपचारांविषयी, कारण उत्साहाच्या भरात इथेच गफलत होते. २०१८ मध्ये अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या गटांनी मणक्यातल्या मज्जारज्जूवर विद्युत स्पंदने देऊन काही लुळ्या रुग्णांना पुन्हा पावले टाकता आल्याचे दाखवले. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने मेंदूतले संकेत थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवणारा दुवा एका रुग्णात बसवल्याचे प्रसिद्ध केले. डिसेंबर २०२४ मध्ये हाताची हालचाल सुधारण्यासाठी शस्त्रक्रियेविना मानेवर लावायच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. कोचीच्या अमृता रुग्णालयात २०१५ पासून हातांचे प्रत्यारोपण होते, २०२० मध्ये मुंबईतही झाले. यातले काही उद्या रुळेल, काही मागे पडेल. प्रत्यारोपित हात घेणाऱ्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, त्यांचा खर्च हाताइतकाच खरा. आज निवाडा लिहिणाऱ्या न्यायाधीशाने यातले काय धरायचे? धरले तर विमा कंपनीवर अन्याय, कारण त्या रुग्णाला ते कधी लागू पडेलच असे नाही. नाही धरले तर रुग्णावर अन्याय, कारण दहा वर्षांनी तो उपचार जिल्ह्याच्या गावी मिळू लागलेला असेल आणि दावा कधीच निकाली निघालेला. दाव्याचा हा भाग उघडा ठेवला की न्यायाधीशाला ज्योतिषी व्हावे लागत नाही. जे सिद्ध झाले, उपलब्ध झाले आणि त्या माणसाला लागू आहे असे तज्ज्ञ म्हणाले, तेच द्यायचे. आशेचा बाजार चालवणाऱ्यांना यातून दमडी मिळणार नाही, हा त्याचा उपफायदा.

विमा कंपन्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दावा बंद झाला की त्यांना हिशेब मिटवता येतो, उघडा राहिला तर चाळीस वर्षांची देणी पुस्तकात ठेवावी लागतात. म्हणूनच ही सोय सर्वांना नको. मज्जारज्जूची जखम, मेंदूची गंभीर जखम, हातपाय तुटणे, खोलवर भाजणे, अशा मोजक्या प्रकारांना, आणि फेरतपासणी ठरावीक वर्षांनीच. चाळीस वर्षांच्या देण्यांचा अंदाज बांधणे हा तर विमाशास्त्राचा रोजचा धंदा आहे, आयुर्विमा दुसऱ्या कशावर चालतो? न्यायाधीशापेक्षा त्यांनाच तो जास्त येतो. आज अंदाज चुकला तर भुर्दंड जखमी माणसाला पडतो. तो पेलायची ताकद कुणात जास्त आहे?

त्याहून टोकदार आक्षेप दावेदारांच्याच वकिलांकडून येतो. म्हणतात, मेडिक्लेमची बिले मंजूर करून घेताना धडधाकट माणसाची दमछाक होते, इथे लुळ्या माणसाने दर महिन्याला कॅथेटरची पावती घेऊन कंपनीच्या दारात उभे राहायचे? हे अगदी खरे आहे, आणि कंपनीच्या मर्जीवर सोडले तर ही सगळी कल्पना मी आजच मागे घेईन. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अपघात निधी कायद्यात आला आहे. अपघातग्रस्तांवर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार करण्याची मे २०२५ ची योजना त्याच निधीच्या आधारावर उभी आहे. ती योजना सरकारने आपणहून आणली नाही. ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासातल्या उपचारांची, तरतूद २०२२ पासून अमलात असूनही योजना बनत नव्हती, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारीख घालून द्यावी लागली. ज्या याचिकेत हे घडले ती २०१२ मध्ये दाखल करणारे डॉ. राजशेखरन हे गंगा हॉस्पिटलचेच अस्थिशल्यविशारद, वर सांगितलेल्या गुणांकनामागचे. चुरा झालेल्या नडग्या टेबलावर पाहणाऱ्या माणसालाच न्यायालयाची पायरी चढावी लागली, यावर जास्त काय बोलणार.

सात दिवसांनंतर काय, हा प्रश्न त्या योजनेत नाही. तो तिथे जोडता येईल. कंपनीने विमाशास्त्राने ठरलेली रक्कम निधीत भरून मोकळे व्हावे, आणि पुढचा खर्च निधीने थेट रुग्णालयाला, अवयव केंद्राला, साहित्य पुरवणाऱ्याला द्यावा. कुणाला काय लागेल हे हाजी अली, वेल्लोर, पुण्याचे केंद्र अशा ठिकाणच्या तज्ज्ञांनी ठरवावे. ते काम उलटतपासणीतल्या अर्ध्या तासाचे नाही.

खर्च शेवटी आपल्या हप्त्यावर येणार, हे लपवण्यात अर्थ नाही. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ७१४ रुपये आहे, १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा ३,४१६. एका वेळच्या हॉटेलच्या बिलात दुचाकीचा वर्षभराचा विमा निघतो. त्या २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मेलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रात येतो. जखमींच्या आकड्यात खरचटलेला आणि मानेखाली लुळा झालेला एकाच ओळीत असतो, त्यामुळे वर्षाला किती माणसांसाठी हा जन्मभराचा खर्च लागेल तेही धड कळत नाही. कायदा बदलण्याआधी ही मोजणी सुरू करता येईल, त्याला संसद लागत नाही. आणि ज्यांना उद्याच तारीख आहे, त्या वकिलांनी निदान भविष्यातील उपचारांची रक्कम स्वतंत्र मथळ्याखाली मागावी, कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तंत्रज्ञालाही साक्षीला बोलवावे, आणि लोक अदालतीत त्या मथळ्याची फोड कागदावर आल्याशिवाय अशिलाला सही करू देऊ नये.